त्र्यंबकेश्वर : दिसतात पाच, मोजतात तेरा

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्या नावाची. तिचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० रोजी आला. कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम तिच्यात लिहायचा, तर पाओलो कॅप्रिओती यांची 'ऑप्टपार्स-ॲप्लिकेटिव्ह' ही लायब्ररी हाताशी असते. '--हेल्प' टाइप केलं की मदतीचा पडदा ती आपोआप रचते. आता समजा, नाशिक जिल्ह्यातल्या बाजारसमित्यांचे कांद्याचे भाव सांगणारा प्रोग्रॅम आहे आणि मदत मराठीत द्यायची आहे. इथून खरी मजा!

नाशिकचे झाले आकडे. गाव दिलं नाही तर 'नाशिक' धरायचं, असं ठरवलं आणि ते मदतीत दिसावं म्हणून 'शोडिफॉल्ट' जोडलं. पडद्यावर उमटतं : \२३४४\२३६६\२३५८\२३६७\२३२५. हॅस्केलचं 'शो' ॲस्की संचापलीकडचं (म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक, साधी विरामचिन्हं सोडून) प्रत्येक चिन्ह त्याच्या युनिकोड क्रमांकानं लिहितं. २३४४ म्हणजे न, २३६६ म्हणजे काना. उपाय दोन शब्दांचा : 'शोडिफॉल्टविथ आयडी'. नाशिक पुन्हा नाशिक!

पाच की तेरा? त्र्यंबकेश्वर आपण वाचतो पाच अक्षरांत. हॅस्केलचं 'लेंग्थ' सांगतं तेरा, कारण पाय मोडायची खूण, अनुस्वार, मात्रा सगळं सुटं मोजलं जातं. बहुतेक टर्मिनल मात्र तीन पायमोडक्या खुणा, एक अनुस्वार आणि एक मात्रा यांना वेगळी जागा देत नाहीत. उरतात आठ रकाने. हे नाव मदतीच्या डाव्या बाजूला आलं, तर लायब्ररी तेरा धरून मोकळी जागा सोडते, म्हणून शेजारचं वर्णन पाच घरं डावीकडे सरकतं आणि सगळी रांग वाकडी होते. माझं मत स्पष्ट आहे : डाव्या बाजूला पर्यायांची नावं साधी, रोमन ठेवावीत; मराठी उजवीकडच्या वर्णनात मोकळेपणानं लिहावी. तिथे फार तर ओळ थोडी लवकर मोडते.

चूक तुमची नव्हेच. सर्व्हरवर भाषेची सेटिंग नुसती 'सी' असेल, तर मराठी मदत छापताना प्रोग्रॅम 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणत कोसळतो. वापरणारा बिचारा आपण टाइप केलेलं तपासत बसतो! अडचण असते एन्कोडिंगची. सुरुवातीलाच आउटपुट यूटीएफ-८ करून टाकलं की सुटका.

एंटर गिळला जातो. प्रोग्रॅमचं वर्णन देणाऱ्या 'प्रोगडेस्क'मध्ये चार ओळी नीट मांडल्या तरी छापताना एकच परिच्छेद होतो. ओळी जशाच्या तशा हव्यात, ठळक किंवा रंगीत अक्षरं हवीत, तर 'प्रोगडेस्कडॉक', 'फूटरडॉक' ही भावंडं वापरायची.

मथळे मराठीत? बरेचसे! 'शो धिस हेल्प टेक्स्ट' हे वाक्य 'हेल्परविथ'नं बदलता येतं. 'अव्हेलेबल कमांड्स'च्या जागी 'कमांडग्रुप'नं 'उपलब्ध आज्ञा' बसवता येतं. 'यूसेज' मात्र हटवादी. त्यासाठी 'रेंडरफेल्युअर'कडून मदतीचा अख्खा मजकूर हातात घ्यायचा, 'यूसेज' खोडून 'वापर' लिहायचं आणि मग छापायचं. थोडी खटपट आहे, पण मराठी वाचकासाठी मी ती आनंदानं करेन.

लपवण्याचे दोन प्रकार. 'हिडन' दिलं की पर्याय वरच्या थोडक्यातल्या ओळीतून जातो, पण सविस्तर यादीत राहतो. 'इंटर्नल' दिलं की दोन्हीकडून गायब. चालतो मात्र पूर्वीसारखाच.

ऐंशी कुठून आले? मदतीची रुंदी न सांगता ८० रकाने असते. आयबीएमनं १९२८ मध्ये आणलेल्या पंचकार्डावरही ८० च रकाने होते! 'कॉलम्स' लिहून हवी ती रुंदी घ्या.

आणि हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी : मागून घेतलेली मदत नेहमीच्या आउटपुटवर येते आणि प्रोग्रॅम शून्य कोडनं संपतो, चुकल्यावर दिसणारा मजकूर एररच्या वाटेनं जातो आणि कोड असतो १. तो आकडा बदलायचा तर 'फेल्युअरकोड' आहेच.