तीन तासांची दुबई, पाच तासांची मुंबई

मैत्रिणींनो, आपल्या महाड-पोलादपूरकडच्या कितीतरी घरांतलं एखादं माणूस आखातात नोकरीला असतं. संध्याकाळी चवदार तळ्यापाशी फिरायला आलेल्या बायकांच्या गप्पांत 'आमचा दुबईला असतो' हे हमखास कानावर पडतं. लगेच दुसरी म्हणते, "काय लांब आहे? तीन तासांत तर येतो!"

पण हे तीन तास कुठून कुठपर्यंतचे?

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. थेट विमान तीन-सव्वातीन तासांत पोचतं. महाड ते मुंबई रस्ता जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरचा, पण गाडीला चार-पाच तास लागतात. माणगाव-वडखळला अडकलात तर विचारूच नका! विमानाच्या आधी तीन तास विमानतळावर हजर व्हायचं, उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामानासाठी तासभर. म्हणजे आपल्या दारापासून बारा तास तरी धराच.

त्यात घड्याळाची गंमत. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी दहाला मुंबईहून निघालेला तिथल्या पावणेबाराला उतरतो. तिथून दहाला निघालेला मात्र इथे दुपारी अडीचच्या सुमारास! प्रवास तेवढाच, फरक फक्त घड्याळाचा.

हा हिशोब कशाला, असं वाटेल. आमच्या बचत गटातल्या एका मावशींचे यजमान दुपारी गेले. मुलगा फोनवर म्हणाला, "निघतोच." माणसं संध्याकाळपासून वाट बघत बसली. रजा, तिकीट, विमान, मग रस्ता... तो पोचला दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर 'बापापेक्षा नोकरी मोठी' असं लोक बोलूनही गेले. मावशी मला म्हणाल्या, "किती वेळ लागतो ते मला ठाऊक असतं ना, तर एकेकाला गप्प केलं असतं."

म्हणून सांगते, घरात एक वही ठेवा. मुलाचा, त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा आणि कंपनीचा फोन नंबर, पासपोर्टची झेरॉक्स त्यात असू द्या. अचानक काढायच्या तिकिटापुरते पैसे बाजूला असावेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तेव्हा तिकिटावर मुंबई की नवी मुंबई, हे नीट वाचा. पनवेलवरून रस्ता बदलतो. विमान थेट आहे की मध्ये कुठे बदलायचं आहे, तेही विचारा. बदलायचं असेल तर तीनाचे आठ-दहा तासही होतात.

आणि एक. 'पोराला उगाच काळजी नको' म्हणून घरातलं आजारपण लपवू नका. बारा तासांच्या वाटेवरच्या माणसाला बातमी वेळेवर मिळाली, तरच तो वेळेवर पोचेल.