टर्मिनल इम्युलेशनमधील बिघाड : दोष संगणकात की सर्व्हरवर?

प्रस्तावना :
आयबीएम कंपनीने १९८८ मध्ये एएस/४०० हा मध्यम श्रेणीचा संगणक बाजारात आणला. पुढे त्याची नावे बदलत गेली. २००८ पासून त्याची कार्यप्रणाली 'आयबीएम आय' या नावाने ओळखली जाते. या सर्व्हरला पूर्वी '५२५०' जातीचे टर्मिनल जोडलेले असत. त्या टर्मिनलचे सोंग टेबलावरील संगणकातील एक प्रोग्राम घेतो, यालाच टर्मिनल इम्युलेशन म्हणतात. जोडणी मिळेनाशी झाली की अनेक ठिकाणी प्रथम हा प्रोग्राम काढून पुन्हा बसविला जातो. हा उपाय क्वचितच लागू पडतो, कारण दोष पुष्कळदा सर्व्हरवरील 'डिव्हाइस'च्या नोंदीत असतो.

डिव्हाइसची नोंद :
प्रारंभी साईन-ऑनचा पडदा येतो की नाही, हे पाहावे. तो येत नसेल तर नेटवर्क, २३ क्रमांकाचा अथवा सांकेतिक जोडणीसाठीचा ९९२ क्रमांकाचा पोर्ट आणि सर्व्हरवरील टेलनेट सेवा या क्रमाने तपासणी करावी. पोर्ट प्रतिसाद देत असूनही सत्र नाकारले जात असेल, तर सर्व्हरने पाठविलेला संकेतांक वाचावा. '८९०२' याचा अर्थ डिव्हाइस उपलब्ध नाही.

प्रत्येक सत्रासाठी सर्व्हर एक आभासी डिव्हाइस राखून ठेवतो व एका नावावर एका वेळी एकच सत्र चालते. प्रयोगशाळेत एका संगणकाची हुबेहूब प्रत इतर सर्व संगणकांवर उतरविली, की डिव्हाइसचे नावही सर्वत्र तेच जाते. पहिल्याला प्रवेश मिळतो, बाकीचे खोळंबतात. नेटवर्क अकस्मात तुटल्यावरही असेच घडते. सर्व्हरला त्याची वार्ता नसल्याने जुने सत्र ते नाव अडवून बसते.

चुकीच्या पासवर्डची मर्यादा, बहुधा तीन प्रयत्नांची, ओलांडली गेल्यास सर्व्हर वापरकर्त्याचे खाते, डिव्हाइस किंवा दोन्ही बंद करतो. डिव्हाइस बंद झाले, की त्याच संगणकावर नंतर येणाऱ्या निरपराध सहकाऱ्यालाही प्रवेश मिळत नाही. अशा वेळी सर्व्हरवरून ते डिव्हाइस 'व्हेरी ऑन' करणे एवढेच आवश्यक असते.

अचूक पासवर्ड का नाकारला जातो? :
हा प्रकार अधिक फसवा आहे. हा सर्व्हर अक्षरांसाठी आस्की नव्हे, तर इबसिडिक संकेतावली वापरतो आणि तिच्या देशपरत्वे निरनिराळ्या आवृत्त्या आहेत. अमेरिकन आवृत्तीत, म्हणजे कोड पेज ३७ मध्ये, डॉलरच्या चिन्हाचा षोडशमान संकेत '५बी' आहे. ब्रिटिश कोड पेज २८५ मध्ये त्याच जागी पौंडाचे चिन्ह असून डॉलर '४ए' वर आहे. रोमन अक्षरे व अंक मात्र दोन्हींत समान आहेत. त्यामुळे सर्व्हरवर ३७ आणि संगणकावर २८५ अशी मांडणी असली, तरी एरवी काहीच बिघडलेले दिसत नाही. पासवर्डमध्ये डॉलर असणाऱ्यालाच नकार मिळतो. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि वर सांगितलेल्या मर्यादेत सापडतो.

येथे डॉलर टंकून पाहण्याची चाचणी निरुपयोगी होय. ५२५० पद्धतीत टंकलेली अक्षरे संगणकच पडद्यावर उमटवितो. एंटर दाबेपर्यंत सर्व्हरकडे काहीच जात नाही. म्हणून डॉलर डॉलरच दिसणार. त्याऐवजी सर्व्हरकडून आलेल्या मजकुरातील डॉलरचे चिन्ह न्याहाळावे. तेथे पौंड दिसत असल्यास सत्राच्या मांडणीतील कोड पेज बदलून नव्याने जोडणी करावी.