छापील किंमत आणि पावती

कल्पना करा, पन्हाळगड पाहावयास आलेला एक प्रवासी तीन दरवाजापर्यंत उन्हातून चालून तहानेने व्याकूळ झाला आहे. तो पाण्याची बाटली घेतो. तिच्यावर २० रुपये छापलेले असतात. दुकानदार मात्र २५ मागतो. विचारल्यावर सांगतो, “थंड करण्याचे ५ रुपये.”

मुलांनो, ही मागणी कायद्याला मान्य नाही. वेष्टनावरील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. किरकोळ विक्रेत्याने कमी घेतले तर चालते; अधिक घेता येत नाही.

अनामतीची गोष्ट निराळी. भाड्याने दिलेली भांडी किंवा सायकल सुखरूप परत यावी, म्हणून मालक अनामत ठेवून घेतो. ती त्याची मिळकत नव्हे. ती केव्हा परत मिळेल आणि कशासाठी कापली जाईल, हे आधीच पावतीवर लिहून घ्यावे.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. २०२० पासून त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा लागू आहे. त्यानुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. मात्र पुरावा लागतो, आणि पावती हाच पुरावा होय.

“५ रुपयांसाठी कोण भांडणार?” असे म्हणून पुष्कळजण गप्प राहतात. परंतु थेंबे थेंबे तळे साचे; असे अनेकांचे ५ रुपये लबाडाच्या गल्ल्यात जमतात आणि छापील किमतीतच विकणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराच्या पदरी कमी नफा पडतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी किंमत वाचावी, शंका नम्रपणे विचारावी आणि पावती जपून ठेवावी.