एकवीस मायक्रॉनांत कुठे बसायचं?

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये 20 मिलिमीटरचा एक शाफ्ट ग्राइंडिंगला असतो. ड्रॉइंगप्रमाणे तो 20.000 पेक्षा जाड नको आणि 19.979 पेक्षा बारीक नको. म्हणजे सूट फक्त 21 मायक्रॉनांची, केसाच्या जाडीहूनही कमी.

क्वालिटीत नव्याने आलेली मुलं विचारतात, “मॅडम, सगळे जॉब गेजमध्ये पास झालेत, मग पुन्हा काय मोजायचं?” मोजायचं ते पुढच्या लॉटसाठी. हे मशिन उद्या, परवा, तिसऱ्या शिफ्टलाही याच मर्यादेत राहील का, हे आज पास झालेल्या जॉबवरून कळत नाही.

त्यासाठी जॉब उतरतील त्याच क्रमाने मोजायचे, तेही गार झाल्यावर. शाफ्ट दहा अंशांनी गरम असला तरी दोन मायक्रॉनांहून जास्त फुगलेला असतो. माप सतत एकाच दिशेने सरकत असेल, उदाहरणार्थ चाक झिजत जाऊन शाफ्ट जाड होत असतील, तर पुढचं गणितच करू नये. आधी ते सरकणं थांबवावं. हे ओळखण्याचा तक्ता वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये मांडला आणि आम्ही आजही तोच भरतो.

माप स्थिर असेल तर त्याचा पसारा काढायचा. समजा प्रमाण विचलन 2 मायक्रॉन आलं. त्याची सहापट 12. सूट 21, म्हणून भागाकार 1.75. हा सीपी. मशिन उत्तम आहे. पण सरासरी 19.994 वर बसली असेल, तर वरची मर्यादा फक्त 6 मायक्रॉनांवर राहते. त्या 6 ला विचलनाच्या तिपटीने, म्हणजे 6 नेच भागायचं. उत्तर 1. हा सीपीके. वाहन उद्योगातले ग्राहक सहसा किमान 1.33 मागतात, महत्त्वाच्या मापांना 1.67. सीपीके 1 असताना हजारात एखाद-दुसरा शाफ्ट जाड निघतोच.

सरासरी वर का जाते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जाड राहिलेला शाफ्ट पुन्हा चाकाखाली घालता येतो. बारीक झालेला सरळ भंगारात जातो. वर्षानुवर्षं काम केलेला ऑपरेटर म्हणूनच माप मुद्दाम वरच्या अंगाला ठेवतो. यात त्याचा हलगर्जीपणा नाही, उलट मालाची काळजी आहे. मीटिंगमध्ये मात्र कुणी त्याला दोष देतं, कुणी नव्या मशिनचं कोटेशन मागवायला सांगतं. मला दोन्ही पटत नाही. सरासरी साडेचार मायक्रॉन खाली आणली, की हेच मशिन दहा लाखांत एखादाही जॉब क्वचितच बिघडवेल.

पण रिजेक्शन ऑपरेटरच्या नावावर लागतं आणि रिवर्कची कुठे नोंदच होत नाही, तोवर तो माप खाली आणणार नाही. म्हणून सेटिंग कार्डावर दोन मर्यादांच्या जोडीला मधलं माप ठळक लिहा आणि रिवर्कचे तासही रजिस्टरला चढवा, एवढंच माझं प्रत्येक मीटिंगमधलं मागणं असतं.