पेबल बीचची परीक्षा

अवघे १०६ यार्ड. शंभर मीटरही नव्हेत. एखाद्या मोठ्या क्रिकेट मैदानाच्या एका सीमारेषेपासून समोरच्या सीमारेषेपर्यंतचे अंतरही याहून अधिक भरते. उंचवट्यावरील टीवर खेळाडू उभा राहिला, की खाली समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावर, वाळूच्या बंकरांनी वेढलेले एक चिमुकले ग्रीन दिसते आणि त्यापलीकडे फक्त पॅसिफिक महासागर. कॅलिफोर्नियातील ‘पेबल बीच गोल्फ लिंक्स’चा हा सातवा होल. वारा पडलेला असेल, तर वेजचा एक हलका फटका येथे पुरतो. वारा सुटला, की हाच होल भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळवतो.

१९९२च्या अमेरिकन ओपन स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी असाच वारा सुटला होता. टॉम काइट यांनी या शंभर यार्डांसाठी सहा क्रमांकाचे आयर्न काढले; एरवी हेच आयर्न व्यावसायिक खेळाडूच्या हातून चेंडू दीडशे यार्डांच्या बराच पुढे नेते. तरीही चेंडू ग्रीनच्या डावीकडे गेला. तेथून काइट यांनी उचललेला चेंडू थेट होलमध्ये पडला आणि त्या दिवशी अखेर विजेतेपदही त्यांनाच मिळाले. गिल मॉर्गन यांची कथा मात्र उलटी झाली. तिसऱ्या फेरीत ते पारपेक्षा बारा फटके कमी अशा अवस्थेला पोहोचले होते. तोपर्यंत अमेरिकन ओपनच्या इतिहासात कोणालाही दोन आकडी मजल मारता आली नव्हती. आठव्या होलपासून त्यांची जी घसरण सुरू झाली, ती दुसऱ्या दिवशी ८१ फटक्यांवर जाऊन थांबली.

जगातील निवडक व्यावसायिकांची ही गत होते, त्याच मैदानावर दुसऱ्या दिवशी एखादा दंतवैद्य, एखादा निवृत्त शिक्षक किंवा सिलिकॉन व्हॅलीतील एखादा अभियंता आपली बॅग घेऊन उतरू शकतो. ‘चॅम्पियनशिप रिसॉर्ट कोर्स’ या प्रकारचे वैशिष्ट्य नेमके हे आहे. लॉर्ड्सच्या खेळपट्टीवर हौशी फलंदाजाला पैसे भरून उतरता येत नाही. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टाचे दारही त्याला बंद असते. गोल्फमध्ये मात्र ते शक्य आहे. शेजारचे तितकेच नामांकित सायप्रस पॉइंट हे सभासदांपुरते असलेले खासगी मैदान आहे. पेबल बीच सर्वांना खुले आहे. ‘सर्वांना’ या शब्दाचा अर्थ अर्थात जरा जपून लावायला हवा. एका फेरीचे शुल्क सहाशे डॉलरच्या वर आहे. रुपयांत सांगायचे, तर पन्नास हजारांहून अधिक. त्यात कॅडीचे मानधन आणि बक्षिसी धरलेली नाही. रिसॉर्टच्या हॉटेलांत मुक्काम करणाऱ्यांना कित्येक महिने आधी वेळ राखून ठेवता येते. मुक्काम न करणाऱ्याला साधारणतः आदल्या दिवशी फोन करून, एखादी जागा रिकामी राहिली असल्यास नशीब अजमावावे लागते. दार उघडे आहे खरे, पण उंबरठा बराच उंच आहे.

ही रचना झाली ती सॅम्युअल एफ. बी. मॉर्स या गृहस्थांमुळे. तारायंत्राचे जनक असलेल्या मॉर्स यांचे हे दूरचे नातलग. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या मॉन्टेरे द्वीपकल्पावरील ही जमीन भूखंड पाडून विकण्याचा बेत होता. समुद्रकाठच्या भूखंडांना सर्वाधिक भाव येणार, हे उघड होते. मॉर्स यांनी नेमका तोच काठ गोल्फसाठी राखून ठेवला आणि घरे त्यामागे बांधू दिली. आराखड्याचे काम त्यांनी जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोघा हौशी खेळाडूंकडे सोपविले. मैदान आखण्याचा अनुभव दोघांच्याही गाठीशी नव्हता. त्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मांडणी केली. जास्तीत जास्त होल कड्यालगत यावेत, एवढाच त्यामागील हेतू. २२ फेब्रुवारी १९१९ रोजी मैदान खुले झाले. पुढे १९२९च्या अमेरिकन हौशी स्पर्धेसाठी चँडलर एगन यांनी ग्रीन आणि बंकर यांची फेररचना केली. किनाऱ्यालगतचा एक तुकडा तेवढा मॉर्स यांच्या हातून निसटला होता. तो १९९५ साली परत विकत घेण्यात आला आणि जॅक निकलॉस यांनी आखलेला नवा पाचवा होल १९९८ साली तेथे तयार झाला. म्हणजे केवळ एका होलसाठी जवळपास ऐंशी वर्षे थांबावे लागले.

येथे येणाऱ्या पाहुण्या खेळाडूची पहिली कसोटी चेंडू मारण्यापूर्वीच लागते. कोणत्या टीवरून खेळायचे? प्रत्येक होलला आरंभाच्या चार-पाच जागा असतात आणि त्या रंगांनी ओळखल्या जातात. सर्वांत मागच्या जागांवरून मैदानाची लांबी सुमारे ६,८०० यार्ड होते. २०१९च्या अमेरिकन ओपनसाठी ती ७,०७५ यार्ड करण्यात आली होती. पांढऱ्या टीवरून ती सहा हजारांच्या आसपास येते. एवढे पैसे मोजले आहेत, तर विजेते जेथून खेळतात तेथूनच खेळावे, असा मोह अनेकांना होतो. हा मोह महागात पडतो. मैदान सामान्य खेळाडूला किती जड जाते, हे मोजण्यासाठी गोल्फमध्ये ‘स्लोप’ नावाचा आकडा आहे. सर्वसाधारण मैदानाचा स्लोप ११३ धरतात, कमाल १५५. पेबल बीचचा मागच्या टीवरचा स्लोप १४०च्या पुढे जातो. एखाद्याचा हँडिकॅप निर्देशांक १८ असेल, तर १४० स्लोपच्या मैदानावर, बाकीचे हिशेब बाजूला ठेवले तरी, त्याला २२ फटक्यांची सवलत मिळते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर तो येथे नेहमीपेक्षा चार फटके अधिक घेणार, हे हिशेबातच गृहीत आहे. प्रत्यक्षात ते चारावर भागत नाही.

पहिले तीन होल पाहून पाहुणा किंचित निराश होण्याची शक्यता असते. सायप्रस आणि पाइन वृक्षांच्या सावलीतून जाणारे, बेताच्या लांबीचे हे होल छायाचित्रांतल्या पेबल बीचसारखे दिसत नाहीत. परंतु याच होलांना हलके लेखणे किती घातक आहे, हे २०१० साली डस्टिन जॉन्सन यांना कळले. तीन फटक्यांची आघाडी घेऊन अंतिम फेरीस उतरलेल्या जॉन्सन यांनी दुसऱ्या होलवर तीन आणि तिसऱ्यावर दोन फटके गमावले. समुद्र उजवीकडे दिसू लागतो तो चौथ्या होलवर. तेथे पोहोचेपर्यंत त्यांची आघाडी संपलेली होती. दिवसअखेर त्यांच्या नावावर ८२ फटके लागले.

चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे सात होल हे पेबल बीचचे हृदय होय. सहाव्यावर फेअरवे अचानक भिंतीसारखा वर चढतो आणि दुसरा फटका जवळपास आंधळेपणाने टेकाडावर मारावा लागतो. तेथून सातव्याच्या त्या चिमुकल्या ग्रीनकडे उतरायचे. आणि मग आठवा. येथील पहिला फटका चढावर असतो. चेंडू कोठे थांबणार, हे टीवरून दिसत नाही. वर पोहोचल्यावर पुढची जमीनच संपलेली असते. समोर कड्याने घेरलेली समुद्राची खाच, तळाशी फुटणाऱ्या लाटा आणि पलीकडच्या काठावर बंकरांनी वेढलेले ग्रीन. निकलॉस यांना संपूर्ण गोल्फमधील हा सर्वांत आवडता ‘दुसरा फटका’ वाटतो. शेजारून सुरक्षित मार्ग नाही, असे नव्हे. डावीकडून वळसा घालून एक फटका अधिक घेत जाता येते. पण येथवर येऊन वळसा कोण घालणार? दर दिवशी किती चेंडू त्या खाचेत जात असतील, याची मोजदाद समुद्रच जाणे.

फेब्रुवारी २०२२मध्ये जॉर्डन स्पीथ यांचा चेंडू याच कड्याच्या अगदी टोकावर थांबला. कॅडीने परोपरीने सांगूनही त्यांनी एक फटक्याचा दंड घेऊन चेंडू मागे आणण्यास नकार दिला, कड्याच्या धारेवर उभे राहून फटका मारला आणि लगेच मागे पाऊल घेतले. त्या होलवर त्यांनी पार राखली. मात्र असा धोका पत्करण्याजोगा नव्हता, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. हौशी खेळाडूने त्यांचे अनुकरण न केलेले बरे.

नववा आणि दहावा हे दोन्ही होल उजव्या हातास कडा ठेवून धावतात आणि दोन्हींचा उतार समुद्राकडे आहे. बहुसंख्य उजव्या हाताच्या हौशी खेळाडूंचा चेंडू मुळातच उजवीकडे वळत जातो. समुद्रावरून वारा आला तर तो वाचतो, जमिनीवरून आला तर गेला. भीतीपोटी डावीकडे मारलेला चेंडू रफच्या दाट गवतात रुततो. येथे खेळाडूचे खरे दोष उघडे पडतात. सरावाच्या मैदानावर जो दोष पाच-दहा यार्डांचा वाटतो, तो येथे एका चेंडूची आणि एका फटक्याची किंमत घेतो.

समुद्राइतकी चर्चा ज्यांची होत नाही, ती येथील ग्रीन्स. क्षेत्रफळाने सरासरी सुमारे ३,५०० चौरस फूट. व्यावसायिक दौऱ्यावरील मैदानांत सर्वांत लहान म्हणून ती ओळखली जातात. ग्रीन लहान, म्हणजे चेंडू त्यावर थांबण्याची शक्यता कमी, म्हणजे बंकर आणि रफ यांतून सुटका करून घेण्याचे प्रसंग अधिक. त्यात गवत ‘पोआ ॲन्युआ’ जातीचे. सकाळी ते गालिच्यासारखे असते. दुपारनंतर त्याला बारीक पांढरट तुरे फुटू लागतात आणि सरळ मारलेला पटही ऐनवेळी वाकडा जातो. शक्य असेल त्याने सकाळची वेळ घ्यावी, हा सल्ला येथे केवळ हवामानापुरता नसतो. कॅडी मंडळी सांगतात, की चेंडू शेवटी समुद्राकडेच झुकतो, डोळ्यांना काहीही दिसो. कॅडीवर खर्च केलेला पैसा बहुधा याच एका वाक्यात वसूल होतो. गाडीने फिरणाऱ्यांना ठरलेल्या वाटेवरूनच जावे लागते. त्यामुळे चालणाऱ्यापेक्षा त्यांचा वेळ वाचतो, असे म्हणता येत नाही. फेरी पाच तास आणि कधी त्याहून अधिक चालते.

हवामानाबद्दल कोणी हमी देऊ नये. उन्हाळ्यात सकाळी धुके दाटते. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि नेमकी तेव्हाच येथील वार्षिक ‘प्रो-ॲम’ स्पर्धा असते. गायक-अभिनेते बिंग क्रॉसबी यांनी सुरू केलेली ही स्पर्धा १९४७पासून या द्वीपकल्पावर भरते. १९९६ साली पावसाने ती धुऊन गेली. १९९८ची स्पर्धा अर्धवट थांबवून ऑगस्टमध्ये पूर्ण करावी लागली.

अकरा ते सोळा हे होल पुन्हा जमिनीकडे वळतात. चौदाव्याचे उंच, तिरपे ग्रीन सोडले, तर त्यांच्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. सतरावा पुन्हा समुद्राशी येतो आणि येथे इतिहास सोबत चालू लागतो. १९७२ साली निकलॉस यांनी वाऱ्याविरुद्ध एक क्रमांकाच्या आयर्नने मारलेला चेंडू येथील ध्वजदंडावर आपटून होलच्या कडेला थांबला. दहा वर्षांनी त्याच निकलॉस यांना टॉम वॉटसन यांनी याच ग्रीनशेजारच्या रफमधून थेट होलमध्ये चेंडू टाकून मागे सारले. स्टॅनफर्डला शिकत असताना वॉटसन पहाटे गाडी हाकत येथे खेळायला येत आणि निकलॉसना हरविण्याची स्वप्ने याच होलांवर रंगवीत. पाहुणा खेळाडू त्या रफमध्ये मुद्दाम एक चेंडू ठेवून तो फटका मारून पाहतोच. मागची चौकडी वाट पाहत असली तरी.

अठरावा होल मुळात पार चारचा होता. हर्बर्ट फाउलर यांनी १९२०च्या दशकात टी मागे नेऊन तो पार पाचचा केला. ५४३ यार्ड लांब, डावीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत समुद्र, उजवीकडे घरांची कुंपणे. २०००च्या अमेरिकन ओपनमध्ये जॉन डॅली यांनी येथे १४ फटके घेतले आणि स्पर्धा सोडून दिली. त्याच स्पर्धेत टायगर वुड्स पारपेक्षा बारा फटके कमी घेऊन आणि पंधरा फटक्यांच्या फरकाने जिंकले. त्यांच्याखेरीज एकालाही पार मोडता आली नव्हती, आणि स्वतः वुड्स यांनीही तिसऱ्या फेरीत तिसऱ्या होलवर सात फटके घेतले होते.

बे एरियातील मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना ‘सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह’ दाखवायला नेतात, तेव्हा गाडीतून उतरून लॉजमागच्या हिरवळीवर याच अठराव्या ग्रीनपाशी येऊन थांबता येते. त्यासाठी मोटारीचा टोल पुरतो. संध्याकाळी पाच-साडेपाच तासांची फेरी संपवून चौघे जण ग्रीनवर येतात. एक जण गुणपत्रिका खिशात घालतो, कॅडी ध्वजदंड परत लावतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी टाळ्या वाजवतो. २०२७च्या अमेरिकन ओपनसाठी याच मैदानाची निवड झालेली आहे.