विमान उलटते कशामुळे? जोडण्याआधी सरकवून पाहा

पारोळ्याहून महामार्गाने निघाले की तासाभराच्या आत धुळे येते. त्या धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० साली एका घरच्या घरी बांधलेल्या विमानाच्या चाचण्या झाल्या. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर उभे केलेले ते सहा आसनी विमान. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि चाचण्यांचा पहिला टप्पा पार पडल्याची बातमी ऑगस्ट २०२० मध्ये आली.

‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ किंवा मोबाइलवरच्या ‘सिंपलप्लेन्स’सारख्या खेळात हाच उद्योग अर्ध्या तासात उरकतो. अडचण पुढे येते. धावपट्टी सोडताच विमान नाक वर करून कोलांटी घेते, नाहीतर एका अंगाला वळत जमिनीवर आपटते. मग नवशिका खेळाडू इंजिन मोठे करतो, आणखी एक पंख डकवतो, शेपटीला जोड देतो. खरे तर अशा विमानात सहसा कशाचीच कमतरता नसते. जे आहे ते चुकीच्या जागी असते. ही गल्लत ज्या समजुतींतून होते, त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : नाक जड झाले की विमान पडते, म्हणून वजन मागे न्यावे.

वस्तुस्थिती : नेमके उलटे. खेळातल्या हँगरमध्ये दोन गोळे दिसतात. एक वस्तुमानमध्याचा, म्हणजे सेंटर ऑफ मासचा. दुसरा उचलीच्या मध्याचा, म्हणजे सेंटर ऑफ लिफ्टचा. केर्बलमध्ये पहिला पिवळा, दुसरा निळा. पिवळा पुढे आणि निळा त्याच्या थोडा मागे हवा. असे असले की वाऱ्याच्या झोताने नाक वर गेल्यावर पंखांची उचल वाढते, ती वस्तुमानमध्याच्या मागे लागत असल्याने शेपटीकडची बाजू उचलली जाते आणि नाक आपोआप खाली येते. निळा पुढे गेला तर तीच वाढलेली उचल नाकाला आणखी वर रेटते. कोलांटी येते ती इथून.

मात्र ‘थोडा मागे’ याला अर्थ आहे. निळा फारच मागे गेला तर विमान इतके हट्टी होते की एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग, पूर्ण ओढूनही नाक उचलत नाही आणि धावपट्टी संपून जाते. पुढे छोटे पंख, म्हणजे कॅनार्ड, लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पुढचा प्रत्येक पंख निळ्या गोळ्याला पुढे ओढतो.

गैरसमज २ : इंजिनाची ताकद वाढवली की विमान सरळ जाते.

वस्तुस्थिती : इंजिनाचा रेटा ज्या रेषेत लागतो, ती रेषा वस्तुमानमध्यातून किंवा त्याच्या अगदी जवळून जायला हवी. इंजिन पाठीवर उंच बसवले तर रेटा नाक खाली दाबतो. पोटाखाली टांगले तर नाक वर उचलतो. अशा विमानाला दुप्पट ताकदीचे इंजिन लावले की दोषही दुप्पट. ओळखण्याची खूण सोपी आहे. थ्रॉटल वाढवल्यावर नाक एका दिशेला जाते आणि कमी केल्यावर परत येते, तर पंखांना हात लावू नका. इंजिन वर-खाली सरकवा.

गैरसमज ३ : हँगरमध्ये तोल साधला म्हणजे आकाशातही तो टिकतो.

वस्तुस्थिती : हँगरमधला तोल भरलेल्या टाकीचा असतो. केर्बलमधली इंजिने जड असतात आणि बहुधा शेपटीला असतात. पुढच्या टाकीतले इंधन जळत गेले की पिवळा गोळा हळूहळू मागे सरकतो. जाताना शहाण्यासारखे उडालेले विमान परतीच्या वाटेवर अचानक गिरकी घेते, त्यामागे अनेकदा हेच असते. हँगरमध्येच टाक्यांतले इंधन शून्यावर आणून गोळे पुन्हा पाहा. दोन्ही स्थितींत पिवळा पुढेच राहायला हवा. राहत नसेल तर टाकी वस्तुमानमध्याजवळ आणा.

कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाने हाच प्रश्न मुद्दाम वापरून घेतला. आवाजापेक्षा जास्त वेगात उचलीचा मध्य मागे सरकतो, म्हणून त्यातले इंधन पंपाने मागच्या टाकीत नेत आणि वेग कमी करताना पुन्हा पुढे आणत.

गैरसमज ४ : शेपटीचे आडवे पंख विमानाला वर उचलून धरतात.

वस्तुस्थिती : नेहमीच्या घडणीच्या स्थिर विमानात शेपटी बहुतेक वेळ खालच्या दिशेने दाब देत असते. पुढे असलेल्या वजनामुळे नाक खाली जाऊ पाहते. शेपटी मागची बाजू खाली दाबून ते समतल राखते. म्हणून सरळ उडताना नाक सतत झुकत असेल तर पंख वाढवण्याआधी शेपटीची पुढची कड किंचित खाली कलती करा, किंवा ट्रिम वापरा. शेपटी वस्तुमानमध्यापासून जितकी लांब, तितकी तरफ मोठी, आणि तितका लहान पंख पुरतो. उभ्या शेपटीचेही तसेच. ती पुढे सरकली की विमान बाजूला घसरते आणि मागचा भाग पुढे यायला बघतो.

गैरसमज ५ : धावपट्टीवर भरकटते, म्हणजे पंखांत दोष आहे.

वस्तुस्थिती : कमी वेगात पंखांना फारसे काम नसते, दोष चाकांत शोधावा. दोन चाकांच्या बैलगाडीत कपाशीचे बोचके आसाच्या मागे जास्त पडले की गाडी उलाळ होते आणि जू वर जाते; फार पुढे पडले की बैलांच्या मानेवर ओझे येते. विमानाच्या मुख्य चाकांचा हिशोब असाच आहे. ती वस्तुमानमध्याच्या किंचित मागे हवीत. पुढे आली तर विमान शेपटीवर बसते. फार मागे गेली तर नाक उचलायला एलिव्हेटरचा जोर पुरत नाही, आणि मग खेळाडूला वाटते की उचलच कमी आहे.

चाके जमिनीला काटकोनात आणि एकमेकांना समांतर आहेत ना, हेही पाहा. लवचीक पंखावर लावलेले चाक भाराने तिरके होते आणि विमानाला बाजूला ओढते. पुढच्या चाकाचा ब्रेक बंद ठेवला तर उतरताना गिरकी टळते.

गैरसमज ६ : स्थिरता-साहाय्य चालू केले की काम झाले, ‘तेजस’ तरी कुठे स्थिर आहे!

वस्तुस्थिती : ‘तेजस’ या लढाऊ विमानाची रचना मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे, हे खरे. चपळाई हवी म्हणून. पण ४ जानेवारी २००१ ला बंगळुरूत पहिल्यांदा उडाले तेव्हाही त्याच्या मागे चौपदरी संगणकीय नियंत्रण होते, आणि ते तयार करायला अभियंत्यांची वर्षे गेली. नाशिकजवळच्या ओझरला बांधलेल्या सुखोई-३० एमकेआयलाही असेच संगणक सावरतात. केर्बलमधले स्थिरता-साहाय्य, म्हणजे एसएएस, त्या तोडीचे नाही. ते नाकाची दिशा धरून ठेवायला बघते. दोष मोठा असला की तेही हात टेकते. लहान असला की झाकून ठेवते आणि नाक वर-खाली डुलत राहते.

राइट बंधूंचे १९०३ चे विमानही नाकाच्या बाबतीत अस्थिर होते आणि १७ डिसेंबरला ते वर-खाली हेलकावत उडाले. त्यांना संगणकाशिवाय, हाताने ते सावरता आले कारण आधीची काही वर्षे त्यांनी ग्लायडरवर सराव केला होता.

गैरसमज ७ : आराखडा देखणा आणि सममित असला की विमान उडते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात हा विषय, विमान उडवल्याचा दावा ज्यांच्याबद्दल केला जातो त्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावाने वारंवार निघतो आणि ओघाने ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या चित्रांपर्यंत पोचतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये ती चित्रे आणि वर्णने तपासली. या यंत्रांमध्ये उडण्याचे गुणधर्म नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कागदावरचे रूप उचल, वजन आणि रेटा यांचे गणित सोडवत नाही. खेळातही आरशासारखे दिसणारे पंख भाराने वेगवेगळे वाकले की विमान कलंडते. तिथे आधाराची पट्टी लागते.

मग दोष शोधायचा कसा?

क्रम ठरवून घ्या. आधी भरलेल्या आणि रिकाम्या टाकीने गोळ्यांची जागा पाहा, मग रेट्याची रेषा, मग चाके. त्यानंतर नियंत्रणे वाटून द्या. केर्बलमध्ये हलता पृष्ठभाग सुरुवातीला तिन्ही कामे करतो. एलेरॉनला फक्त कलणे, एलिव्हेटरला फक्त नाक आणि रडरला फक्त दिशा एवढेच ठेवा. मग आधी सावकाश धाव, नंतर वेगाची धाव, नंतर जमिनीपासून जेमतेम वर. समतल उडताना एसएएस बंद करा, नाक किंचित उचला आणि बटण सोडा. ते स्वतःहून खाली आले तर विमान स्थिर. चढतच गेले तर पुन्हा हँगर.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलाची वेगळी प्रत जपा. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. एवढे सगळे सरकवूनही विमान सावरले नाही, तर मग खुशाल शेपटी वाढवा किंवा पंख जोडा. त्या वेळी तो भाग कुठे आणि कशासाठी लावायचा, हे तुम्हाला ठाऊक असेल.