‘घोडा’ म्हण, ‘घोरा’ नव्हे!

२०१० सालच्या जानेवारीत अंदमानात बोआ नावाची एक वृद्धा वारली. ‘बो’ ही भाषा बोलणारी ती शेवटची व्यक्ती. तिच्यामागे त्या भाषेत ‘पाणी दे’ म्हणणारेही कुणी उरले नाही. देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी तिचा फोटो छापला. आपण तो चहा घेता घेता पाहिला, ‘अरेरे!’ म्हटले आणि पान उलटले. भाषा मरतात त्या अशा कुठल्या तरी दूरच्या बेटावर, अशी आपली एक सोयीची समजूत आहे.

परंतु वाचकहो, विझत चाललेली बोली ऐकायची तर बोटीचे तिकीट काढायचे कारण नाही. डोंबिवली स्टेशनावर पूर्वेला उतरावे, मानपाड्याची रिक्षा करावी आणि सोनारपाडा, भोपर, नांदिवली, सागाव यांपैकी कुठल्याही गावात, उंच इमारतींच्या बेचक्यात शिल्लक राहिलेल्या एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर घटकाभर बसावे. आजी हाक मारील, “इकरं ये!” नातू आतून म्हणेल, “काय आहे?” आणि त्याहून धाकटा नातू म्हणेल, “व्हॉट?” एका हाकेत तीन भाषा! आजीची ती आगरी.

आगर म्हणजे मिठागर, आगर म्हणजे खाडीकाठचे भाताचे शेत. त्यात राबणारा तो आगरी. ठाणे, पालघर, रायगड आणि मुंबईची बेटे ही त्याची भूमी. आपण पांढरपेशे तिथे मागाहून आलो. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आणि १८५४ साली पुढे कल्याणला आगगाडी गेली. त्या रुळांवरून शंभर वर्षांनी आमची बिऱ्हाडे आली. गिरगावात दोन खोल्यांत आठ माणसे मावेनाशी झाली, तेव्हा आम्ही ट्रंका आणि पाटा-वरवंटा घेऊन डोंबिवली गाठली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे इथेच राहिले. इथे व्याख्यानमाला रंगल्या, वाचनालये भरली. डोंबिवली सुसंस्कृत झाली, असे आम्ही म्हणू लागलो. आधी इथे जे होते त्याला संस्कृती म्हणतात, हे सांगायला कुणी आले नाही. आणि आले असते तरी ते ‘अशुद्ध’ मराठीत आले असते!

आमचे बिऱ्हाड १९७४ साली एका आगरी घरमालकांच्या चाळीत होते. मालकीणबाईंना सगळी चाळ काकी म्हणे. त्या आईला ‘वयनी’ म्हणत. पावसाळ्यात खाडीची चिंबोरी मिळाली की ती आमच्या शाकाहारी उंबऱ्यापाशी न आणता शेजारच्या सारस्वत बिऱ्हाडात पोचवीत आणि आम्हांला त्याऐवजी शेतातले वाल देत. इतके त्यांना दुसऱ्याचे रीतिरिवाज कळत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून विचारले, “हा कोण?” तो उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, “घोरा!”

वर्ग हसला. गुरुजीही हसले. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा ठाण्या-कल्याणच्या कुठल्याही शाळेत हेच घडले असते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो मुलगा ‘घोडा’ म्हणायला शिकला. फाटकाच्या आत एक भाषा, बाहेर दुसरी. पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली, आणि मुलांच्या वाट्याला हसू येऊ नये म्हणून त्याने फाटकाच्या आतली भाषा बंद करून टाकली.

आता हे ‘घोरा’ प्रकरण जरा नीट पाहण्यासारखे आहे. गाडी म्हणजे गारी, वाडा म्हणजे वारा, पडला म्हणजे परला. पण आगरी माणूस डोळ्याला ‘डोला’च म्हणतो, ‘रोला’ कधीही म्हणत नाही. आणि डोंबिवलीची ‘रोंबिवली’ करताना अजून कुणी ऐकलेले नाही. म्हणजे शब्दाच्या आरंभी ‘ड’ जसाच्या तसा, दोन स्वरांच्या मधे सापडला की त्याचा ‘र’. हा चक्क नियम आहे! कुठल्या पाठशाळेत न शिकता लहान मूल तो बिनचूक पाळते. आणि आपला ‘घोडा’ तरी आकाशातून पडला काय? संस्कृतात तो ‘घोटक’ होता. स्वरांच्या मधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला, त्याला आपण प्रमाण मराठी म्हणतो. त्याच वाटेने ‘ड’ आणखी एक पाऊल पुढे गेला, त्याला गावंढळ म्हणतो. ‘ळ’चे तेच. आगरी माणूस ‘केळे’ न म्हणता ‘केला’ म्हणाला की आपण ओठ दाबतो. हिंदीवाला तेच म्हणतो, तेव्हा त्याला आपण राष्ट्रीय समजतो.

वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात काही शाळांतून एक लाकडी फळी ठेवीत. मूल वेल्श बोलले की ती त्याच्या गळ्यात अडकवायची. दुसरे मूल वेल्श बोलताना सापडले की फळी त्याच्या गळ्यात जायची. आणि शेवटी ती ज्याच्या गळ्यात उरे त्याला शिक्षा. आमच्याकडे अशी फळी नव्हती. आम्हांला तिची गरजच पडली नाही. हसण्यावर काम भागले.

गळ्यातली फळी निदान काढता येते. वेल्श लोकांनी ती काढलीही. १९८२ साली त्यांनी आपल्या भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी मिळवली, १९९३ साली कायद्याने सरकारी कामात भाषेला जागा घेतली. त्याच १९८२ साली न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी बालवाड्या काढल्या. त्यांचे नाव ‘भाषेचे घरटे’. तिथे शिकवायला आल्या आज्या, कारण मधल्या पिढीला भाषा येतच नव्हती. ही युक्ती मला फार आवडते. आपल्याकडेही आज्या आहेत. फक्त नातवंडाशी ‘नीट बोला’ अशी त्यांना सुनेची ताकीद असते.

अर्थात सगळा दोष हसण्याला देणे बरोबर नाही. जमीन गेली की शब्द जातात. खाजण, शिलोत्री, उधाण, भांगाची भरती, निवट्या हे शब्द कोशात सापडतील. पण खाजण भराव घालून बुजले, तिथे बारा मजले उभे राहिले, त्यांना परदेशी शहरांसारखी नावे मिळाली, आता ‘भांग’ म्हटले की मुलाला केसांतला भांग आठवतो. कल्याण महापालिका १९८३ साली झाली. डोंबिवलीभोवतीची २७ गावे २००२ साली तिच्यातून बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. गावे आत-बाहेर करीत राहिली. शेते मात्र एकदाच गेली.

पण मला सर्वांत जास्त हुरहूर वाटते ती धवलारणीची. शाळेत आपण मराठीची आद्य कवयित्री म्हणून महदंबेचे नाव पाठ केले. तेराव्या शतकातली ही महानुभाव स्त्री, आणि तिची रचना ‘धवळे’. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. परीक्षेत दोन गुणांना असलेला तो शब्द डोंबिवलीपासून दोन कोसांवर जिवंत होता, हे पेपर तपासणाऱ्यालाही ठाऊक नसावे! आगऱ्यांच्या लग्नात ‘धवला’ गाणारी बाई, तीच धवलारीण. मांडवापासून हळदीपर्यंत एकेका विधीचा धवला वेगळा. ती गाऊन देवांना बोलावते, गाऊन नवरानवरीला सांभाळते. लग्न लावण्याचा मान एका बाईकडे, तोही पोथीशिवाय, नुसत्या पाठांतरावर. शहरातल्या सुधारकांनी याचे कौतुक करायला हवे होते. आम्हांला तर ते ठाऊकच नव्हते.

गेल्या वर्षी कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावात हळदीला गेलो होतो. आगऱ्यांची हळद म्हणजे थाट! हजार पान जेवते आणि डीजेच्या भिंती छातीत ढोल वाजवतात. गाणी आगरी-कोळीच होती, आणि त्यांवर गुजराती, मल्याळी शेजारीही मनसोक्त नाचत होते. हे मला वाईट वाटले नाही. गाण्यातून का होईना, बोली मिरवते आहे. पण गाणे संपल्यावर नाचणारी पोरे आपसांत हिंदीत बोलत होती, त्याचे काय करावे? गावातली धवलारीण मांडवाच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसली होती. सत्तरीच्या पुढची. तिला पाच मिनिटांची वेळ दिली होती, कारण डीजेवाल्याला भाडे तासावर होते. मी जवळ जाऊन विचारले, तर ती हसून म्हणाली, “आथा कोन आयकतंय?” तिच्या हाताखाली शिकणारी एकही मुलगी नव्हती.

नोंदी नाहीत असे नाही. ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात कोळी, वारली, कातकरी यांबरोबर आगरीही आहे. गणेश देवी यांनी चालवलेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून बोलींचे ध्वनिमुद्रण केले. ते संगणकावर कुणालाही ऐकता येते. ही कामे मोलाची आहेत. परंतु लोणच्याची बरणी भरली म्हणून आंब्याचे झाड राहिले असे होत नाही.

२०१७ सालच्या फेब्रुवारीत डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष अक्षयकुमार काळे. यजमान कोण? आगरी यूथ फोरम! ज्यांच्या बोलीला आम्ही अशुद्ध म्हटले, त्यांनी शुद्ध मराठीच्या सोहळ्याचा मांडव घातला, पाहुण्यांची उठबस केली. याला उदारपणा म्हणावा की आमच्यावरचा सभ्य सूड म्हणावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पुढे काही तरुणांनी आगरी शिकवण्याच्या शाळाही भरवून पाहिल्या, त्यांत आगरी नसलेलेही जाऊन बसले.

आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली. आमच्या सोसायटीत पेढे वाटले. वाटणाऱ्या गृहस्थांची नात तिथेच होती. इंग्रजी शाळेत जाते. तिने ‘सदुसष्ट म्हणजे सिक्स्टी सेव्हन ना?’ असे विचारले, तेव्हा जमलेले सगळे कौतुकाने हसले. आईने घाईने तिला इंग्रजीतून गप्प केले. काकींच्या मुलाच्या वेळी हसणारे आम्ही होतो. आता आमच्या नातवंडांच्या मराठीला कोण हसते, ते आपापल्या घरी पाहावे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते. आकडा मोठा आहे. पण तो बापाने सांगितलेला आहे, नातीने नव्हे.

त्या हळदीनंतर महिन्याने पुन्हा त्या गावी गेलो. धवलारणीची नात, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची, आजीपुढे मोबाइल ठेवून धवला उतरून घेत होती. हे खूळ तिच्या डोक्यात कुणी घातले म्हणून विचारले, तर म्हणाली, “कुणीच नाही. आजी झोपेत गुणगुणते, मला अर्थ कळत नव्हता.” आजी दोन ओळी म्हणे, थांबे, मग हा कुठल्या वेळी गायचा, तेव्हा हळदीचे ताट कुणाच्या हातात असते, ते समजावून सांगे. नवऱ्याच्या घोड्याचे वर्णन आले. मुलीने ‘घोरा’ असे टिपले. यंत्राने आपण होऊन त्याचे ‘घोडा’ केले. तिने पुसून पुन्हा लिहिले. त्याने पुन्हा बदलले.

“काय झाला गो?” आजीने विचारले.

“काय नाय आये, तू बोल,” मुलगी म्हणाली आणि तिसऱ्यांदा ‘घोरा’ लिहू लागली.